मोठ्या घरातली साडेआठची प्रार्थना: सक्तीची ठेवावी का?

जाईचा_मांडव

सर्वांना सलाम.

बरीच वर्षं इथे नुसती वाचायला येते. धागा पहिल्यांदाच काढतेय, कारण या विषयावर घरात ज्याच्याशी बोलावं तो कुठल्या ना कुठल्या बाजूचा आहे.

आमचं मराठी ख्रिस्ती घर इंदूरला, नवलख्याजवळ. माणसं पंधरा, चूल एक. सासूबाई, मोठ्या वन्सं (लग्न केलं नाही, जन्मभर नर्स होत्या), तीन भाऊ, आम्ही तीन जावा आणि सात मुलं, थोरलं तेवीसचं, धाकटं सहाचं. मी मूळची नगरची, पंचवीस वर्षांपूर्वी मोठी सून म्हणून इथे आले. सासऱ्यांचे आजोबाही नगरकडचेच, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले.

सासऱ्यांना सगळे दादा म्हणत. त्यांच्या हयातीत रोज रात्री साडेआठला मधल्या खोलीत सतरंजी पडायची, पेटी निघायची. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत. मग वाचन, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक वचन. मग दादा एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करत. शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूनं शिष्यांना शिकवलेली) सगळ्यांनी मिळून, लहानांनी मोठ्यांना सलाम करायचा आणि मग पानं. तोवर तव्यावर पोळी पडत नसे. दादांची एक जुनी डायरी होती, तिच्यात ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली. कुणी वारलं तर नाव खोडायचे नाहीत, शेजारी बारीकसा क्रूस काढायचे.

दादा दीड वर्षापूर्वी प्रभूकडे गेले. डायरी कपाटात आहे, रबरबँड लावलेली. त्यांच्या नावापुढे क्रूस कुणी काढला नाही, कारण त्यांचं नावच त्यात नाही. स्वतःचं नाव त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं.

आता प्रार्थनेला कधी सहा जण असतात, कधी चार. मधल्या दिरांचा मुलगा भंवरकुआंला क्लासला जातो, यायला सव्वानऊ होतात. माझ्या थोरलीची कंपनी अमेरिकेच्या वेळेवर चालते, साडेआठला तिची मीटिंग सुरू होते. चौदा वर्षांची पुतणी घरी असते, पण बसत नाही. म्हणते, चर्चमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी, मग देवाशीच मराठी का? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना हिंदीत असते, हे खरंच आहे. मराठी आमच्याकडे आता फक्त या अर्ध्या तासापुरती उरली आहे.

आमच्या ह्यांचं म्हणणं, पुन्हा सक्ती करा, ज्याला घरात जेवायचं त्यानं सतरंजीवर बसायचं. मधले दीर म्हणतात, ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. सासूबाई काही बोलत नाहीत, साडेआठला जाऊन बसतात, कुणी असो-नसो.

मला दोन्ही पटतं आणि दोन्हीची भीती वाटते. तुमच्या घरी काय करता? इतर धर्मांच्या लोकांनीही सांगा, प्रश्न सगळ्यांचाच असेल.

ताकभात

वेळ बदला. साडेआठ ही वेळ देवानं सांगितलेली नाही, दुकानं आठला बंद व्हायची तेव्हाची आहे.

मुळाकाठ

ताई, सलाम. मी तुमच्या माहेरचा, नगर जिल्ह्यातला.

आमच्याकडे प्रार्थनेपेक्षा भजन मोठं. टाळ, मृदंग, चाल वारकऱ्यांची आणि नाव ख्रिस्ताचं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी मागे टाकून आले नाहीत, बरोबर घेऊन आले. त्यामुळे आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं तरी दीडेकशे पदं तोंडपाठ होती. भात निवडताना म्हणायची, नातवंडं झोपवताना म्हणायची. आम्ही बायबल नंतर शिकलो, आधी चाली शिकलो. म्हणून सांगतो, वाचन कमी करा, प्रार्थना लहान करा, पण गीत कापू नका. पोरगं बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेलं असतं तरी चाल त्याच्या कानावर पडते. ती कुठे जात नाही.

आणि एक विचारतो, रागावू नका. दादांच्या नंतर प्रार्थना कोण चालवतं? तुम्ही ते लिहिलंच नाही.

जाईचा_मांडव

रागवायचं काय त्यात. कुणीच चालवत नाही, हेच खरं. ह्यांनी महिनाभर केली, पण त्यांना नावं घेऊन प्रार्थना करायला जमत नाही, घसा दाटतो. मग मोबाइलवर पाळक साहेबांचं दोन मिनिटांचं मनन लावायला सुरुवात झाली, आणि मला वाटतं तिथूनच माणसं कमी झाली.

पेटी धाकटी जाऊ वाजवते. ती ग्वाल्हेरची, मराठा घरातली. लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं, बाप्तिस्मा घेतलेला नाही. दादांनी कधी विषय काढला नाही. फक्त पहिल्या आठवड्यात म्हणाले होते, ‘तुला गाता येतं असं ऐकलं, पेटीचा भाता जरा बघ, हवा धरत नाही.’ तिनं माहेरच्या ओळखीतून भाता बदलून आणला. आज घरात उपासना संगीतातल्या चाली सगळ्यांत जास्त तिलाच येतात.

मुळाकाठ

वाचून बरं वाटलं. लक्ष्मीबाई टिळकांनीही नवऱ्यामागोमाग लगेच बाप्तिस्मा घेतला नव्हता. मधली काही वर्षं गेली, आणि त्यांनी घेतला तो त्यांच्या मनानं.

मग वन्संनी का चालवू नये? जन्मभर नर्स होत्या म्हणता. रात्रपाळीत पेशंटच्या उशाशी त्यांनी किती प्रार्थना केल्या असतील. आमच्याकडे वडील गेल्यावर सहा महिने असंच झालं होतं. सगळे मोठ्या भावाकडे बघत बसलेले. शेवटी आई म्हणाली, मी करते. त्या दिवसापासून आजवर तीच करते.

ऐन_दुपार

मी विरोधात लिहिणार आहे. मन दुखवायचा हेतू नाही, पण हे कुणीतरी सांगायला हवं.

मीही अशाच घरात वाढलो. बारा माणसं, रोज संध्याकाळी प्रार्थना, गैरहजेरी चालायची नाही. वडील नाव घेऊन प्रार्थना करत. तुमच्याकडे ती माया होती, आमच्याकडे तीच खरडपट्टी होती. ‘प्रभू, याला गणितात बत्तीस मार्क मिळालेत, याला सुबुद्धी दे.’ ‘प्रभू, हिला मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकव.’ डोळे मिटलेले, हात जोडलेले, अकरा माणसं ऐकतायत आणि उत्तर देता येत नाही, कारण बोलणं आपल्याशी चाललेलं नाही, देवाशी चाललंय. मोठ्या बहिणीचं एका मुलाशी बोलणं होतं, ते घराला कळलं प्रार्थनेतून. ती त्या रात्री जेवली नाही. मी तेरा वर्षांचा होतो, तिचं ताट झाकून ठेवलेलं मला अजून दिसतं.

आज मी एक्केचाळीसचा आहे. चर्चला जात नाही. माझ्या मुलांना मी प्रार्थनेला बसवत नाही. देवावर राग नाही, पण कुणी डोळे मिटून माझं नाव घेतलं की अजून पोटात गोळा येतो.

सक्ती करणाऱ्याला वाटतं आपण मुलांना देवाजवळ नेतोय. कुणाला किती लांब पाठवतोय ते त्याला तीस वर्षांनी कळतं, कधी कळतही नाही.

वसईची_वाडी

ऐन_दुपार, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही.

आमचं घर वसईचं, कॅथलिक. आमच्याकडे रोजची जपमाळ, तिला आम्ही तेर्स म्हणतो. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, वीसेक मिनिटं. तेर्सचा एक गुण सांगते, तुमच्या दुःखावरून आत्ताच लक्षात आला: त्यात कुणाला स्वतःचं काही घुसवता येत नाही. शब्द ठरलेले, आलटून पालटून म्हणायचे. आजोबा आणि मोठे काका यांचं पटत नसे, पण ‘नमो मरिये’चा पहिला अर्धा एकानं म्हटला की उरलेला दुसऱ्याला म्हणावाच लागे. लहानपणी कंटाळा यायचा, झोप यायची. दर गुरुवारी प्रकाशाची रहस्यं (जपताना मनात आणायचे येशूच्या जीवनातले प्रसंग), ती २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी दिली, तर आजी पुढची दोन वर्षं गुरुवार आला की अडखळायची आणि आम्ही मुलं तिला सांगायचो. आजीला काहीतरी आपण शिकवतोय याचा केवढा आनंद!

जाईचा_मांडव, तुमच्या पुतणीला असं काही देता येईल का, जे फक्त तिलाच येतं?

राजवाडा_चौक

इंदूरचाच आहे, हिंदू आहे, ताईंनी बोलावलं म्हणून लिहितो.

आमच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोती आणि रामरक्षा होती. आता आई एकटी म्हणते. मुलगा म्हणतो यूट्यूबवर लावून दे. म्हणजे अडचण तुमची-आमची एकच आहे.

पण लिहायचं दुसरंच होतं. लहानपणी आम्ही छावणीत राहायचो आणि मागच्या चाळीत एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांची पेटी सुरू झाली की आई म्हणायची, ‘साडेसात झाले, भात टाक.’ आमच्या घरातलं घड्याळ बंद होतं तेव्हा वर्षभर त्यांच्या प्रार्थनेवर आमचा भात शिजला. मला त्यांची तीन गाणी अजून येतात. अर्थ तेव्हा कळत नव्हता.

आणि एक कुतूहल: २०२४ साली ३० मार्चला रंगपंचमी होती. आदल्या दिवशी गुड फ्रायडे, दुसऱ्या दिवशी ईस्टर. मला तेव्हाच प्रश्न पडला होता की आपल्या गावातल्या ख्रिस्ती पोरांनी त्या वर्षी गेरीचं (रंगपंचमीच्या रंगांच्या मिरवणुकीचं) काय केलं असेल?

जाईचा_मांडव

राजवाडा_चौक, तुम्ही बरोबर दुखतं तिथे हात लावलात, पण गोड दुखतं!

रंगपंचमी बहुतेक वर्षी लेंटमध्येच (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) येते, त्यामुळे घरात थोडी कुरबूर ठरलेली. त्या वर्षी तर मधोमध. शुक्रवारी बारा ते तीन चर्चमध्ये सात वचनांची उपासना, सगळे गंभीर, दादांचा दिवसभर उपास. रात्री मुलं माझ्यामागे लागली, उद्या गेर आहे, तुम्ही दादांना विचारा. मी म्हटलं, आज तरी तोंड उघडू नका. दादांनी खोलीतून ऐकलं. म्हणाले, ‘जाऊ दे त्यांना. येशू थडग्यात होता त्या शनिवारी शिष्यांनी काय केलं ते कुठे लिहिलंय?’ मग वन्संनी आठवण करून दिली की लूकमध्ये लिहिलंय, बायांनी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळला म्हणून. दादा हसले, म्हणाले, ‘बायांनी पाळला. पोरांचं लिहिलेलं नाही.’

गेले सगळे राजवाड्याला. परत आले ते टँकरच्या पाण्यानं निथळत, ओळखू येत नव्हते. साडेआठला अंघोळी करून सतरंजीवर हजर. रविवारी पहाटेच्या उपासनेला पांढरे कपडे घातले, आणि सगळ्यांचे कान हिरवे-जांभळे. मंडळीतल्या फोटोत ते कान दिसतात. दादांचा आमच्याबरोबरचा तो शेवटचा ईस्टर. तो फोटो मी फ्रेम करून घेतलाय.

ऐन_दुपार, तुमचं लिहिणं मी ह्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून गच्चीत गेले. तुम्हाला वेगळं उत्तर देणार आहे, जरा वेळ द्या.

ताकभात

हिरव्या कानांचा ईस्टर फक्त इंदूरलाच होऊ शकतो.

शुद्धलेखन

पुतणीच्या भाषेच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून मी वळतो.

हिंदीत वाढलेल्या मुलांची खरी अडचण अशी की त्यांना देवनागरी वाचता येतं, त्यामुळे आपल्याला वाटतं त्यांना मराठी कळतं. माझी भाची भोपाळची. यशयाच्या ५३ व्या अध्यायात आपल्याला शांती मिळावी म्हणून त्याला ‘शिक्षा’ झाली असं येतं. ती वाचून मला म्हणाली, ‘मामा, येशूला शांतीचं शिक्षण मिळालं होतं का?’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तिथे हिंदी बायबलमध्ये ‘ताड़ना’ आहे. तिनं अध्याय कितीतरी वेळा वाचला होता आणि दर वेळी क्रूसाच्या जागी तिला शाळा दिसत होती!

असे बरेच आहेत. ‘राग’, ‘चेष्टा’, ‘खाली’. वर नावं बदलतात: आपला योहान त्यांचा यूहन्ना, आपली प्रेषितांची कृत्ये त्यांचे प्रेरितों के काम, आपलं शुभवर्तमान त्यांचं सुसमाचार, आपली मंडळी त्यांची कलीसिया. मूल आठवडाभर एक आणि रविवारी दुसरं ऐकतं. म्हणून म्हणतो, पुतणीचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, अगदी रास्त आहे. तिला एकदा शेजारी बसवून दोन्ही बायबलं उघडा.

विश्वामित्री

बडोद्याहून. आमच्या घरात मराठी आम्ही, सूनबाई गुजराती मेथडिस्ट घरातली, जावई मल्याळी. नाताळात सगळे जमले की एकवीस माणसं होतात.

प्रभूची प्रार्थना प्रत्येकानं आपापल्या भाषेत म्हणायची, एकदमच, मोठ्यानं. पहिल्या वर्षी गोंधळ झाला, आता ते ऐकायला शेजारी दारात येतात. सगळ्यांचं एकदम संपत नाही. आमचं आधी संपतं, जावयाचं सगळ्यांत शेवटी. तो संपवेपर्यंत आमेन कुणी म्हणत नाही. लहान नातू त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेला असतो, आणि शेवटचा शब्द आला की घर हादरेल असा आमेन ठोकतो.

भाषा सोडू नका आणि लादूही नका. थांबायला शिका, एवढंच आम्ही शिकलो.

अवांतर: नाताळाचा केक अजून कुणी बेकरीत भाजून आणतं का? आमच्याकडे सून ओव्हनमध्ये करते, पण डबे घेऊन रात्री भट्टीपाशी नंबर लावायची मजा गेली.

मुळाकाठ

आम्ही आणतो! डब्यावर खडूनं नाव, तरी बदलतोच. एका वर्षी कुणाचा तरी टूटीफ्रूटीवाला आमच्याकडे आला आणि आमचा काळ्या मनुकांचा गेला. दोन्ही घरांनी खाऊन मग कबुली दिली.

जाईचा_मांडव

आमच्या नाताळच्या फराळात करंज्या, अनारसे आणि लवंगी शेव. शेवेशिवाय इंदूरमध्ये येशूचा जन्म साजरा होत नाही.

आता ऐन_दुपार यांना.

भाऊ, माझ्या सासऱ्यांबद्दल मी वर सगळं गोड लिहिलं. एक गोष्ट लिहिली नव्हती. तुमचं वाचल्यावर ती मनातून जाईना.

२०१६ साली घराचा वरचा मजला बांधला. पैसे बरेचसे मधल्या दिरांनी घातले, कारण ह्यांचा धंदा तेव्हा बसला होता. ह्यांनी वर्षभरात देतो म्हणून सांगितलं, दिले नाहीत. देता आले नाहीत. एके दिवशी जेवताना शब्दाला शब्द लागला आणि दोघं भाऊ बोलायचे थांबले. सात आठवडे. आम्ही जावा मुलांमार्फत निरोप द्यायचो. पण साडेआठला दोघंही यायचे, कारण न येणं ही गोष्टच तेव्हा घरात नव्हती. सतरंजीच्या दोन टोकांना बसायचे.

एका रात्री प्रभूची प्रार्थना चालली होती. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ हे ऋणाचं वाक्य आलं तिथे दादांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, ‘हे वाक्य आज तुम्ही दोघं म्हणा. आम्ही थांबतो.’

खोलीत पंख्याचा आवाज. पोरं एकमेकांकडे बघतायत. धाकटीचा हात पेटीवर तसाच. मधले दीर उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. प्रार्थना त्या रात्री तिथेच राहिली, आमेन झालं नाही. आम्ही तसेच जेवलो. तीन दिवस ते प्रार्थनेला आले नाहीत, आणि दादाही रोज त्या वाक्यापाशी थांबून पुस्तक मिटत. चौथ्या दिवशी हे स्वतः वर त्यांच्या खोलीत गेले. काय बोलले ते आम्हाला आजवर माहीत नाही. दोघं खाली आले, बसले, आणि ते वाक्य म्हटलं. ह्यांचा आवाज फुटत नव्हता, दिरांचाच ऐकू आला.

पैसे मग हप्त्याहप्त्यानं फिटले. चाळीस हजार अजून राहिलेत, ते कुणी काढत नाही.

मी इतकी वर्षं ही गोष्ट अभिमानानं सांगत आले. तुमचं वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, की त्या रात्री मधल्या दिरांना काय वाटलं असेल? सगळ्या पोरांसमोर. त्यांचे पैसे अडकले होते आणि सोडायचं वाक्यही त्यांच्याच तोंडी आलं. आता ते ‘ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी’ म्हणतात, ते तेव्हापासूनचं असेल का? मी कधी विचारलं नाही.

शुद्धलेखन

यात भाषेचाही भाग आहे. मराठीत आपण मत्तयाप्रमाणे ‘ऋण’ म्हणतो. मूळ ग्रीकमध्येही कर्जाचाच शब्द आहे. हिंदीत मात्र तिथे ‘अपराध’ येतो. लूकच्या अकराव्या अध्यायात ‘पाप’ आहे, पण तिथेही समोरचा माणूस ऋणीच. इंग्रजीत प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक ‘डेट्स’ (कर्जं) म्हणतात आणि अँग्लिकन पंथाचे ‘ट्रेसपासेस’ (अपराध). तुमच्या इंदूरचं मिशन प्रेस्बिटेरियनच होतं.

हिंदीत म्हटलं असतं तर दोघं भाऊ कदाचित न अडखळता पुढे गेले असते. अपराध कुणी केलाच नव्हता. ऋण मात्र खरंच होतं, रकमेसकट.

ऐन_दुपार

ताई, दोनदा वाचलं.

माझ्या वडिलांच्यात आणि तुमच्या सासऱ्यांच्यात मला एक फरक दिसतो. माझे वडील आमच्याबद्दल देवाला सांगत, आम्ही मुके. तुमच्या सासऱ्यांनी स्वतः गप्प बसून त्या दोघांना बोलायला जागा दिली. आणि एकाला उठून जाता आलं. आमच्या घरी उठून जाता येत नव्हतं. चपला घालून बाहेर जायची सोय असती, तर मी कदाचित परतही आलो असतो.

तरी तुमच्या दिरांना विचारा. मला कुणी कधी विचारलं नाही.

वसईची_वाडी

ऋण सोडण्यावरून तुमच्याच गावची एक गोष्ट. सिस्टर राणी मारिया, केरळच्या, उदयनगरला गरिबांत काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. ज्यानं केला त्याला त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही नन, तुरुंगात जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरलाच राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. आमच्या वसईतून काही जण खास गेले होते.

मी ही गोष्ट मोठी म्हणून सांगत नाहीये. माझ्या आईला ती ऐकून एकच प्रश्न पडला होता: राखी बांधायला निघाली त्या सकाळी घरी आईला काय सांगून निघाली असेल? क्षमा करणारा एक असला तरी घरातल्या बाकीच्यांना तिच्यात राहावं लागतं.

कोरी_वही

मी वीस वर्षांची आहे, पुण्यात हॉस्टेलला. तुमच्या पुतणीच्या बाजूनं लिहिते.

आमच्याकडेही प्रार्थना आहे. मी नववी-दहावीत बसायची नाही, दार लावून घ्यायची. आई-पप्पांना वाटायचं मला देव नको झालाय. तसं नव्हतं. सगळे मला वचन वाचायला लावायचे, मग उच्चार सुधारायचे, आणि मला काय वाटतं ते कुणी विचारायचं नाही. वर्गात उभं केल्यासारखं वाटायचं.

दार लावून बसले तरी भिंतीपलीकडून माझं नाव ऐकू यायचं. रोज. आजी घ्यायची. मी वाट बघायची. एके दिवशी तिचा खोकला वाढला होता म्हणून प्रार्थना लवकर आटोपली आणि माझं नाव आलं नाही, तर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बसले, आजीच्या मांडीला टेकून. तिनं काही विचारलं नाही, शाल माझ्यावर अर्धी टाकली.

आता इथे हॉस्टेलला साडेआठ वाजले की मला माहीत असतं, तिकडे माझं नाव घेतलं जातंय. सतरंजीवर कोण बसतं ते मोजू नका, काकू. नावं चालू ठेवा.

मुळाकाठ

पोरी, तुझ्या आजीला सलाम सांग.

राजवाडा_चौक

हे बायकोला वाचून दाखवलं. उद्यापासून आईबरोबर रामरक्षेला मी बसणार आहे. मुलगा बसेल तेव्हा बसेल.

जाईचा_मांडव

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, तीन आठवडे झाले. घरात बरंच काही झालं.

कोरी_वही, तुझं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या, कपाटातून दादांची डायरी काढून वन्संच्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाल्या, ‘तू वाच.’ एवढंच. मुळाकाठ, तुमचं म्हणणं असं खरं झालं. वन्संचा आवाज बारीक आहे, पण नर्सचा आहे, घाई नाही. डायरीतली सगळी नावं वाचतात, क्रूसवालीसुद्धा. पहिल्याच रात्री शेवटी त्यांनी पेन्सिल मागितली, दादांचं नाव लिहिलं आणि शेजारी क्रूस काढला. सासूबाई पेन्सिल परत घेऊन टोक करत बसल्या.

वेळ सव्वानऊ केली. सोमवार ते शुक्रवार ज्याला जमेल त्यानं यायचं, शनिवारी सगळ्यांनी. जेवण आधी. ह्यांना ते पहिले दोन दिवस जड गेलं, आता पोळ्या गरम मिळतात म्हणून खूश आहेत. थोरली मीटिंगमध्ये असते, पण दार उघडं ठेवते. तिचं नाव आलं की आतून टेबलावर दोनदा टकटक करते.

शुद्धलेखन, दोन्ही बायबलं उघडली. पुतणी आणि मी रविवारी दुपारी बसलो, तिनं वहीत दोन रकाने केले, एकीकडे मराठी, एकीकडे हिंदी. शिक्षा-ताड़ना तिनं स्वतः शोधलं, मी सांगितलं नाही. आता शनिवारी वाचनानंतर एखाद्या शब्दाचा अर्थ सांगायचं काम तिचं. वसईची_वाडी, हे तुमचं.

मधल्या दिरांना विचारलं नाही. धीर झाला नाही. पण गेल्या शनिवारी पुतणीची पाळी होती आणि तिनं नेमकं ‘ऋण’ काढलं. वाचून दाखवलं, मराठीत ऋण, हिंदीत अपराध. मग वडिलांकडे वळून विचारलं, ‘पप्पा, यातलं सोपं कुठलं सोडायला?’

तिला २०१६ चं काही माहीत नाही, तेव्हा ती अगदी लहान होती. मी जमिनीकडे बघत राहिले. हेही.

दीर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ऋण सोपं. त्याला आकडा असतो.’ आणि धाकटीला म्हणाले, ‘पेटी घे, आज गीत राहिलंय.’